रबराने बांधायचं शेपूट

माझा राग नाकावर असतो. हे गिऱ्हाईकं सांगतात, शेजारी सांगतात, बायको तर लग्न ठरायच्या आधीपासून सांगत आलीय. माझं चष्म्याचं दुकान आहे. काच घासत असताना कुणी मागून येऊन "झालं का?" म्हणालं की मी खेकसतो, "झालं असतं तर घासत कशाला बसलो असतो?" तरी लोक येतात, कारण नंबर चुकत नाही. तर अशा माणसाने एकदा, जिथे घर डोक्यावर घ्यायला हवं होतं तिथे, तोंडातून ब्र काढला नाही. त्या दिवसाचं सांगतो.

आमच्या मागच्या खोलीत एक विमान पडून होतं. खेळण्यातलं म्हणू नका, मला चीड येते. बाल्सा नावाचं लाकूड असतं, फुंकर मारली तर टेबलावरून पळेल इतकं हलकं. त्याच्या काड्या कापायच्या, जोडायच्या, वर पातळ कागद ताणून बसवायचा. इंजिन नाही, मोटर नाही. लांब दोऱ्याने पळत पळत ओढून वर चढवायचं, दोरा सुटला की ते आपलं आपण तरंगतं. हे विमान माझ्या मुलीचं. पंख तिने केले, अंगाचा लांब दांडा तिने केला, शेपटाचे तुकडे कापून फळीवर टाचण्यांनी टोचून ठेवले, आणि मग ती मैत्रिणींबरोबर तलावावर गेली. होडी उलटली. मैत्रिणी परत आल्या.

तिला आम्ही भिंगरी म्हणायचो. घरात एका जागी टिकायची नाही. कॉलेजात जायला लागली तरी जिना दोन-दोन पायऱ्यांनीच चढायची. विमानासमोर मात्र अशी बसायची की चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी पत्ता नाही. विमानं मीच शिकवली तिला, पण माझ्यापेक्षा तिचा हात हलका. मी हे तिला कधी कबूल केलं नाही, तिला ते माहीतच होतं.

ती गेल्यावर बायको बसली. बसली म्हणजे खरोखरच खिडकीत बसली. ही सोफे आणि खुर्च्या मढवते. आमच्या भागातली निम्मी माणसं हिने मढवलेल्या गादीवर बूड टेकतात. तिने शिवणयंत्रावर चादर टाकली ती टाकलीच. वाढलं तर जेवायची. डोळ्याला डोळा नाही, गोळी घेतली तरी नाही. मी बोललो की "हं." भांडायचीसुद्धा नाही हो! मी एकदा मुद्दाम ओला टॉवेल पलंगावर टाकून बघितला. त्या टॉवेलवरून इतकी वर्षं माझा उद्धार झालाय. तिने तो उचलला, वाळत घातला आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसली. मी न्हाणीघराचा नळ सोडून रडलो.

आणि मग एका संध्याकाळी मी मागच्या खोलीत उगाच अवजारं इकडची तिकडे करत होतो, तर ही दारात उभी.

"याला शेपूट का नाही?" ती म्हणाली.

कितीतरी दिवसांनी हिच्या तोंडून आख्खं वाक्य ऐकलं मी. माझ्या हातातला चिमटा पडला.

"राहिलंय," मी म्हणालो. "तुकडे कापलेत तिने. जोडायचे राहिलेत."

"मग जोड ना. असं लांडं काय ठेवलंयस!"

"माझ्याच्याने होत नाही गं."

तिने स्टूल ओढलं, बाह्या मागे सारल्या आणि म्हणाली, "दाखव. काय कुठे जातं?"

तेव्हापासून रोज दुकान बंद केलं की मी धावत घरी. ही स्टुलावर तयार असायची. पातळ काड्यांच्या कडा पॉलिश कागदाने घासायची, सांध्याला गोंदाचा थेंब द्यायची, टाचणीने दाबून धरायची. मी सांगायचो, ती ऐकायची नाही. "अगं हळू, सोफा नाहीये तो!" मी ओरडायचो. "ओरडू नकोस, गोंद थरथरतो," ती म्हणायची. एकदा घासता घासता तिच्या हातात एक बारीक काडी मोडली, आणि माझ्या तोंडाकडे बघून ती हसली. "घे, गिळ आता मला," म्हणाली. मी तिला गिळलं नाही. नवी काडी कापून दिली आणि तिच्या डोक्यावर टपली मारली.

एक सांगायला हवं. शेपटाचे दोन भाग असतात. उभं पान असतं, ते दांड्याला चिकटवून टाकायचं. आडवं पान मात्र रबरबँडने बांधायचं. हे मी तिला बोललो होतो. त्यावर तिने नाक मुरडलं, "रबराने? एवढं नाजूक काम करायचं आणि शेवटी रबर? भाजीची जुडी आहे का ती?" तिच्या धंद्यात जे हललं ते फाटलं. खुर्चीचा पाय जरासा जरी कुरकुरला तरी ही खुर्ची परत उघडते. मी नुसता हसलो. रबर कशासाठी ते मी तिला सांगितलंच नाही. सांगायचं तर वातीबद्दल बोलावं लागलं असतं, आणि मैदानावर वात पेटवायचं काम भिंगरीचं होतं. ते माझ्या तोंडून निघेना. म्हटलं, बांधायची वेळ येईल तेव्हा सांगू.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती, मला उशीर झाला. घरात शिरलो तर स्वयंपाकाचा वास. दिवे लागलेले. हिने केस धुतले होते, बाहेर जायचे चांगले कपडे घातले होते, आणि हात मागे धरून उभी होती.

"डोळे मीट," म्हणाली.

"काय वेडेपणा..."

"मीट म्हणते ना!"

डोळे उघडले तर टेबलावर आख्खं विमान. आडव्या शेपटावर कागद ताणून बसवलेला, एक सुरकुती नाही. आणि ते शेपूट दांड्याला चिकटवलेलं. हिच्या खुर्च्यांच्या गोंदाने. तो गोंद लाकूड सोडत नाही, लाकूड तुटतं. वर बारीक दोऱ्याचे टाकेही घातले होते, आणि टाके दिसू नयेत म्हणून त्यावर कागदाची पट्टी.

"हलवून बघ," ती म्हणाली. "बघ ना. आता बापजन्मात निघायचं नाही. तुझं ते रबर दे फेकून."

आता ते रबर कशाला असतं ते सांगतो. आडव्या शेपटाची मागची कड एका रबराने खाली ओढून धरलेली असते. त्या रबरात संथ जळणारी वात खोचायची आणि उडवायच्या आधी पेटवायची. वात जळत जळत रबरापर्यंत येते, रबर तुटतं, शेपटाची मागची कड टुणकन वर उचलली जाते. झालं, विमानाचं उडणं संपलं. ते जसंच्या तसं आडवं, सावकाश खाली येऊन बसतं. हे नसेल, आणि विमानाला वर जाणाऱ्या तापलेल्या हवेचा झोत सापडला, तर ते त्यात गोल गोल फिरत वर चढत राहतं आणि जातं. जातं म्हणजे जातंच. मग त्याला खाली आणणारं काही नाही.

एरवी कुणी असं केलं असतं तर मी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. शब्द जिभेवर आले होते. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं. माझी बायको होती हो तिथे! खिडकीत बसायची ती बाई नव्हे, माझी बायको, कमरेवर हात ठेवून, शाबासकीची वाट बघत.

"फक्कड झालंय," मी म्हणालो.

"नुसतं फक्कड?"

"असं काम मला जमलं नसतं."

"तेच म्हणायचं होतं मला," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला गेली.

ती आत असताना मी पातं काढून सांध्याला लावून बघितलं. लगेच कळलं की काही उपयोग नाही. शेपूट सुटणार नव्हतं, दांडाच फुटला असता. आणि दांडा भिंगरीचा. त्यावर तिने पेन्सिलने मारलेल्या खुणा होत्या, एके ठिकाणी गोंदात तिच्या बोटाचा ठसा वाळला होता. मी पातं मिटून ठेवलं.

जेवताना मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "पुढच्या खोलीत टांगूया का गं? छताला. येता-जाता दिसेल."

तिने घास खाली ठेवला. "टांगायला केलं होतं का तिने? उडवायला केलं होतं. मला बघायचंय ते उडताना. एकदा. मग आण घरी आणि टांग कुठे टांगायचं ते. उद्या सुट्टी आहे ना तुझी?"

"आहे."

"मग उद्याच."

मी रात्रभर छताकडे बघत बेत केला. पहाटे जायचं. पहाटे जमीन गार असते, हवा वर चढत नाही. दोरा आखूड घ्यायचा. उभ्या शेपटाची कड थोडी वाकवून ठेवायची, म्हणजे विमान लहान गोल घेईल आणि लवकर उतरेल. एकदा उडवायचं, टाळ्या वाजवायच्या, घरी आणायचं. सगळं बसत होतं.

पण सकाळी ही झोपली होती.

झोपली म्हणजे गाढ. गोळीचं पाकीट उघडलंही नव्हतं. तोंड जरासं उघडं, एक हात माझ्या उशीवर, आणि बारीक घोरत होती. मी कपडे चढवून पलंगाशी उभा राहिलो. दोनदा हात पुढे केला उठवायला. नाही झालं माझ्याच्याने. तुम्हीच सांगा, कसं उठवणार? ऊन खिडकीतून आत आलं, जमिनीवरून सरकत पलंगाच्या पायाशी पोचलं. मी खुर्चीवर बसून तिच्याकडे आणि उन्हाकडे आळीपाळीने बघत होतो. ती उठली तेव्हा बाहेरचा डांबरी रस्ता तापून चकाकत होता.

"अरे, उठवायचं नाही का?" ती म्हणाली.

"संध्याकाळी जाऊ," मी म्हणालो.

"काही संध्याकाळी नाही. मी आंघोळ करून आलेच."

आम्ही विमानं उडवतो ते मैदान बंद पडलेल्या कारखान्यामागे आहे. एका बाजूला वाळलेलं गवत, दुसऱ्या बाजूला गोदामांची काळी छपरं. त्या छपरांवरून उन्हात हवा लटलटताना दिसत होती. मैदानावर आमचा दातवाला होता. दातांचा डॉक्टर आहे तो, माझा जुना मित्र, सुट्टीच्या दिवशी तिथेच सापडतो. हिला बघून तो टोपी काढून उभाच राहिला. भिंगरी गेल्यापासून त्याने हिला पाहिलं नव्हतं.

"वहिनी! या, या," म्हणाला. मग त्याने कौतुकाने विमान हातात घेतलं, उलटं केलं, शेपटावरून बोट फिरवलं. त्याचं बोट थांबलं. "अरे, पण हे शेपूट तर—"

मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"वहिनींनी केलंय," मी म्हणालो. "आख्खं शेपूट."

"हो का," तो म्हणाला. "वा. सुरेख आहे."

पहिल्यांदा मीच ओढलं. आखूड दोरा, आणि पळालोही बेताने. विमान थोडं वर गेलं, दोरा सुटला, एक गोल घेतला, दुसरा घेतला आणि गवतात येऊन बसलं. माझा जीव भांड्यात पडला. बायको टाळ्या वाजवत होती. "उडलं! अरे, उडलं की!" दातवाल्यानेही शिट्टी वाजवली. मी विमान उचलून काखोटीला मारलं. "चला घरी," म्हणालो.

"घरी काय? एवढंच?" ती म्हणाली. "ती तर कुठच्या कुठे उडवायची. आपल्या गच्चीवरून ठिपका दिसायचा मला. दोरा लांब कर. मी पळते."

"तुला दम लागेल."

"लागू दे."

"आज हवा बरी नाही गं."

"पुरे झालं तुझं. दे इकडे."

खरं सांगून टाकता आलं असतं. त्या क्षणीसुद्धा आलं असतं. दातवाला माझ्याकडे बघत होता, डोळ्यांनी सांगत होता, बोल की रे. पण तिने दोऱ्याची रिंग माझ्या हातातून ओढून घेतली होती आणि चपला काढून गवतात उभी होती. गालांवर लाली होती. मी दोरा लांब केला. विमान डोक्यावर धरलं. म्हटलं, एकदाच तर आहे, जाईल आणि येईल.

ती पळाली. पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात म्हणणारी, अशी पळाली की काय सांगू. विमान माझ्या हातातून उचललं गेलं, सरळ वर, तिच्या डोक्यावर. दोरा सुटला. विमानाने एक मोठा गोल घेतला, गोदामांच्या छपरांवर गेलं, आणि तिथे त्याचा एक पंख हलकेच उचलला गेला. मला कळलं. दातवाल्यालाही कळलं, त्याने टोपी डोळ्यांवर ओढली.

"बघ, बघ!" ही ओरडत होती. "चढतंय बघ! भिंगरे, बघ गं!"

प्रत्येक गोलाला ते वर चढत होतं. कागदातून ऊन आरपार दिसत होतं, आतल्या काड्या न् काड्या दिसत होत्या. इतकं सुंदर उडणारं विमान मी आयुष्यात पाहिलं नाही, आणि माझं काळीज तुटत होतं. तिचा हात कपाळावर, मान मागे टाकलेली, ती हसत होती. मग हळूहळू हसू ओसरलं.

"पुरे आता," ती म्हणाली. "उतरव."

मी गवतात पडलेला दोरा गुंडाळायला लागलो.

"अरे, उतरव ना. फार लांब चाललंय."

दातवाला म्हणाला, "वहिनी, ते असं आहे की वात—"

"मी विसरलो," मी मध्येच म्हणालो. "एक वात लावायची असते. ती जळली की विमान आपोआप खाली येतं. मी लावायला विसरलो."

तिने माझ्याकडे बघितलं. "विसरलास?"

"हो."

"म्हणजे ते येणार नाही?"

दातवाला तोवर स्कूटरकडे पळाला होता. गोदामांच्या रस्त्याने ती भरधाव सोडलेली ऐकू आली. काही हाती लागायचं नाही हे मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. विमान एव्हाना टाचणीएवढं झालं होतं. मग कधी ते दिसायचं, कधी दिसायचं नाही. मग दिसेनासंच झालं.

आणि ती माझ्यावर आली. दोन्ही मुठींनी माझ्या छातीवर मारायला लागली.

"विसरलास! एक काम नीट करता येत नाही तुला! तिलाही तूच सोडलंस. मी नको म्हणत होते. पाण्यात नको पाठवूस म्हणत होते. तू म्हणालास, जाऊ दे गं, किती धरून ठेवशील. तू म्हणालास! तिलाही सोडलंस, आणि हेही सोडलंस!"

तलावावरून घरी आल्या दिवसापासून मी या वाक्याची वाट बघत होतो. रोज वाटायचं, आज म्हणेल. ती कधी म्हणाली नाही, आणि न म्हणताच खिडकीत बसून राहिली. आता ते बाहेर आलं. माझ्याही दातांवर येऊन थांबलं होतं, अगं, शेपूट तू चिकटवलंस, मी नाही. एवढंच म्हणायचं होतं. माझ्यासारखा तापट माणूस, एरवी केव्हाच बोलून मोकळा झाला असता. मी दात आवळून धरले.

"हो," मी म्हणालो. "मीच सोडलं."

ती मारायची थांबली. माझा शर्ट तिच्या मुठीत होता, तो तिने सोडला नाही. त्याच शर्टात तोंड खुपसून ती रडली. तलावावर रडली नव्हती, घरी माणसं भेटायला आली तेव्हाही नाही. मोठ्याने, तोंड उघडून, भर उन्हात रडली. मीही रडलो. मला लाज वाटली नाही.

दातवाला बऱ्याच वेळाने परत आला, मोकळ्या हातांनी. त्याने तिच्या चपला उचलून आणल्या आणि तिच्या पायांशी नीट मांडून ठेवल्या.

बसने घरी निघालो. ती खिडकीशी, मी शेजारी. तिच्या तळपायांना गवताची कुसळं टोचली होती, ती एकेक काढत होती. मी मदत करायला वाकलो तर तिने माझा हात बाजूला केला नाही. दोन-तीन थांबे गेले. ती बाहेर, वर बघत होती.

"वर वारा जोरात असेल का रे?" तिने विचारलं. आवाज बसला होता.

"असेल थोडा."

"शेपूट निघणार नाही ना पण?"

मी मान हलवली.

"नाही निघायचं," तीच म्हणाली. "मी दोन थर गोंद लावलाय. टाके घातलेत आतून. तू रबराने बांधलं असतंस तर गेलं असतं निसटून, आणि पडली असती कुठेतरी." तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "ती पडणार नाही ना?"

"नाही गं," मी म्हणालो. "तू लावलंयस ना ते शेपूट. ती नाही पडायची."